चेपलेली वाहिनी: ३८ वर्षे जुन्या पोलादी पाइपलाइनच्या तपासणीचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातील एक ‘अ’ वर्ग नगर परिषद. शुद्धीकरण केंद्र धरणाच्या पायथ्याशी, शहरापासून लांब. तिथून टेकडीवरच्या मुख्य संतुलन टाकीपर्यंत १४.२ किमीची एम.एस. (सौम्य पोलादाची) ऊर्ध्ववाहिनी, म्हणजे पंपाने पाणी वर चढवणारी वाहिनी, आहे. बाह्य व्यास ७६२ मिमी, प्लेटची जाडी कागदोपत्री ८ मिमी. आतून १२ मिमी सिमेंट मॉर्टरचे अस्तर, बाहेरून कोलटार इनॅमल आणि काचतंतूची गुंडाळी. काम १९८४-८५ मधले. पंप ताशी १,३६४ घनमीटर पाणी उचलतात, स्थिर चढ ८२ मीटर, पंपापाशी दाब जवळपास १० किलो प्रति चौरस सेंमी. वाटेत प्रवाह बंद करायला बटरफ्लाय व्हॉल्व्ह, गाळ-पाणी बाहेर सोडायला स्कोअर व्हॉल्व्ह, हवा आत-बाहेर जाऊ द्यायला एअर व्हॉल्व्ह आणि परतीची लाट रोखायला दोन झिरो व्हेलॉसिटी व्हॉल्व्ह.

जमीन चार प्रकारची. साखळी (वाहिनीवरचे पंपापासूनचे अंतर) ० ते ३.१ किमी मुरूम आणि कातळ. ३.१ ते ५.४ काळी माती, दोन्ही बाजूंना उसाची बागायत आणि मध्ये एक ओढा. ५.४ ते ९ रस्त्याची कडा. ९ ते १०च्या दरम्यान खडकाळ डोंगरसोंड. इथेच, साखळी ९.६ वर, वाहिनीचा मधला माथा आहे. त्यापुढे उतार, वस्ती आणि शेवटी टाकीचा चढ.

गळतीची नोंदवही होती ही जमेची बाजू. सहा वर्षांत ४१ गळत्या, त्यांतल्या २७ काळ्या मातीच्या पट्ट्यात. नोंद मात्र ‘अमुक शेतकऱ्याच्या बांधाजवळ, पॅच मारला’ एवढीच. पाइपच्या तळाला की वर, वेल्ड सांध्यापाशी की मध्ये, आतून गंजला की बाहेरून, यातले काहीच नाही. दुरुस्तीची पद्धत सगळीकडे दिसते तीच: भोकात लाकडी खुंटी ठोकायची, वरून ८ मिमी प्लेटचा तुकडा वेल्ड करायचा, माती लोटायची. पॅचवर लेप कोणी लावत नाही.

अडचण

२०२२ च्या पावसाळ्यात वीज ट्रिप झाली आणि पंप एकदम बंद पडले. दीड तासाने पुन्हा सुरू केले तर टाकीत पाणी येईना. साखळी ९.६ च्या माथ्यावर जवळजवळ सहा मीटर पाइप वरून आत चेपला होता आणि एका बाजूची शिवण उसवली होती. शहराला चार दिवस टँकर.

या घटनेआधीच संपूर्ण वाहिनी बदलण्याचे अंदाजपत्रक तयार होते. घटनेनंतर प्रशासकांपुढे प्रश्न सरळ मांडला गेला: पाइप कुजला आहे, ४१ गळत्या झाल्या, आता चेपलाही, प्रस्ताव वर पाठवायचा का? पाणीपुरवठा विभागाच्या उपअभियंत्याने त्यावर एकच हरकत घेतली. ज्या पट्ट्यात २७ गळत्या, तिथे पाइप चेपला नाही. जिथे चेपला, तिथे सहा वर्षांत एकही गळती नोंदलेली नाही. दोन्हींचे कारण एकच असेल तर हे जुळत नाही.

या हरकतीमुळे प्रस्ताव थांबला आणि आधी अवस्था तपासायचे ठरले.

तपासाचे कोणते मार्ग तोलले

वाहिनीच्या आतून यंत्र सोडून जाडी मोजणे हा पहिला विचार. तेलवाहिन्यांत चुंबकीय पिग (पाइपच्या आतून सरकत जाणारी मोजणी यंत्रे) सर्रास चालतात. इथे दर दोन-तीन किमीवर बटरफ्लाय व्हॉल्व्ह, त्याची तबकडी उघड्या स्थितीतही मध्येच उभी. ठिकठिकाणी तुकडे जोडून केलेले माइटर बेंड. यंत्र सोडायला-काढायला जागा नाही. शिवाय अस्तरामुळे चुंबक आणि पत्रा यांत १२ मिमीचे अंतर. हा मार्ग बाद.

दोरीला बांधून पाण्याबरोबर सोडायचे ध्वनियंत्र चालले असते, पण ते गळती आणि अडकलेली हवा सांगते, जाडी सांगत नाही. दोन बिंदूंमधल्या ध्वनिवेगावरून पत्र्याची सरासरी जाडी काढणारी पद्धतही एका पुरवठादाराने मांडली. शंभर-दीडशे मीटरची सरासरी ७.१ मिमी आली तर काय समजायचे? भोक पडते ते रुपयाएवढ्या खड्ड्यात, आणि सरासरीत तो खड्डा बुडून जातो. पत्र्यातून लांबवर ध्वनिलहर सोडणाऱ्या गायडेड वेव्ह चाचणीचा पल्ला मातीत गाडलेल्या, इनॅमल आणि मॉर्टर चिकटलेल्या पाइपवर काही मीटरांवर येतो.

उरला तो जुना मार्ग: आधी जमिनीवरून मोजमापे, त्यांवरून निवडक ठिकाणी खड्डे, खड्ड्यात पाइप उघडा करून हातातल्या अल्ट्रासोनिक यंत्राने जाडी. खर्च पूर्ण बदलाच्या अंदाजपत्रकापुढे किरकोळ, पाणी बंद ठेवण्याचे तास कमी. यात वाहिनीचा नगण्य भागच डोळ्यांना दिसतो, म्हणून खड्डे कुठे घ्यायचे यावर सगळे अवलंबून राहते.

खड्डे कुठे आणि किती खोल

पहिली यादी गळतीच्या जागांचीच आली. ती तशीच मान्य झाली असती तर वाहिनी आहे त्याहून खूपच वाईट दिसली असती. शेवटी २२ खड्डे ठरले: ९ काळ्या मातीत, ४ मुरमात, ३ माथ्याच्या आसपास, २ रस्त्याकडेला (जिथे परवानगी मिळाली तिथे), ४ वस्तीकडच्या भागात. यातले ८ मुद्दाम अशा जागी, जिथे कधीही गळती झालेली नव्हती.

जागा ठरवायला मातीची विद्युत रोधकता मोजली. चार खुंट्या सरळ रेषेत २ मीटर अंतराने, बाहेरच्या दोघांतून विद्युतप्रवाह, आतल्या दोघांत विभवांतर. येणाऱ्या रोधाला २π आणि अंतराने गुणायचे. मुरमात ४.८ ओहम आले म्हणजे ६० ओहम-मीटर. उसाच्या पट्ट्यात ०.४२ ओहम, म्हणजे ५.३ ओहम-मीटर. दहाच्या खालची माती पोलादाला फार गंजकारक धरतात. खुंट्यांची रेघ पाइपला समांतर आणि अगदी जवळ घेतली तर पाइपचाच धातू प्रवाह वाहून नेतो आणि आकडा खोटाच कमी येतो, म्हणून रेघ पाइपला काटकोनात घेतली.

दुसरा वाद खोलीचा. कंत्राटदाराचा दर पाइपचा वरचा अर्धा भाग उघडा करण्याचा होता. मातीचा थर १.२ मीटर, पूर्ण पाइप आणि खाली हात-यंत्र फिरवायला ६०० मिमी जागा हवी तर खड्डा अडीच मीटरच्या पुढे जातो. काळी माती तेवढ्या खोलीवर उभी राहत नाही, फळ्या-खांबांचा आधार लागतो, ओढ्याजवळ पाणी उपसावे लागते. दर जवळजवळ अडीचपट.

तरी पूर्ण खोलीच घेतली, आणि या प्रकरणातला सर्वांत मोलाचा निर्णय हाच. काळ्या मातीत पाइपच्या वरची भर सैल असते, तिच्यात हवा खेळते. तळाखालची माती दबलेली, ओली, हवेवाचून. एकाच पाइपच्या दोन बाजूंना प्राणवायू कमी-जास्त असला की कमी असलेली बाजू गंजते. वरचा भाग चकचकीत, तळ चाळण, असे चित्र म्हणूनच दिसते. वरून मोजणी करून ‘पाइप उत्तम’ असा अहवाल देणे सोपे होते.

मोजणी

पाइप उघडा करण्यापूर्वी दाब उतरवला. तळाला दोन मिमी पत्रा उरला असेल आणि त्यावरून वायर ब्रशचे चाक फिरले, तर खड्ड्यातल्या माणसाच्या तोंडावर फवारा येतो. हातोडीने ठोकून पाहण्याची सवय तर चालू वाहिनीवर बंदच करायला हवी.

प्रत्येक खड्ड्यात २.५ मीटर पाइप मोकळा केला. आधी लेपाची अवस्था आणि त्याचे फोटो, मग लेप खरवडला. लेपाखाली जमलेल्या पाण्याचा सामू पट्टीने पाहिला, काळा लगदा असेल तर त्यावर सौम्य आम्लाचा थेंब टाकून कुजक्या अंड्याचा वास येतो का ते पाहिले. आला तर सल्फेट घटवणाऱ्या जिवाणूंचा संशय (हे गंज वाढवतात). काळ्या मातीतल्या नऊपैकी पाच खड्ड्यांत वास आला.

मोजणीचे बिंदू घड्याळाच्या १२ आकड्यांप्रमाणे परिघावर, लांबीत दर १०० मिमीला. ५ मेगाहर्ट्‌झचा दुहेरी प्रोब (पत्र्यावर टेकवायचा ध्वनिसंवेदक), त्याच प्रकारच्या पोलादाच्या २ ते १० मिमीच्या पायऱ्यांच्या ठोकळ्यावर दर खड्ड्याला जुळवणी. पत्र्यावर बाहेरून पडलेले गंजाचे खड्डे खोलीमापकाने मोजले, कारण अशा खड्ड्याच्या खडबडीत तळावर प्रोब नीट बसत नाही. आतल्या गंजासाठी गुळगुळीत पृष्ठभागावरून प्रोब सरकवत नेला.

एक गोची तिसऱ्या खड्ड्यात दिसली. शेजारशेजारच्या बिंदूंवर ३.६ आणि ७.२ असे आकडे. ७.२ ला कोणी शंका घेतली नसती, पण तो ३.६ च्या बरोबर दुप्पट होता. पातळ पत्र्यावर, विशेषतः प्रोब झिजला असेल तर, यंत्र पहिला प्रतिध्वनी सोडून दुसरा पकडते. नवा प्रोब लावल्यावर दोन्ही जागी ३.६ आले. पडद्यावर लहर न दाखवता नुसता आकडा देणारे स्वस्त यंत्र वापरले असते तर हे कळायला मार्ग नव्हता.

तीन ठिकाणी पाणी बंद असताना ७५ मिमीच्या चकत्या कापून काढल्या. अल्ट्रासोनिकचे आकडे चकतीवर व्हर्नियरने ताडून पाहिले, फरक ०.२ मिमीच्या आत. अस्तराच्या ताज्या तुटक्या कडेवर फिनॉल्फ्थॅलीनचे द्रावण टाकले. गुलाबी झाले म्हणजे मॉर्टरचा अल्कधर्म शाबूत, आतला पत्रा सुरक्षित. दोन चकत्या पूर्ण गुलाबी. माथ्याजवळच्या तिसरीवर रंग फक्त पत्र्यालगतच्या पातळ थरात.

आतल्या अवस्थेचा एक फुकटचा दाखला पंपगृहातच होता. पूर्ण प्रवाह चालू असताना सहा किमी अंतरावरच्या दोन नळकांड्यांवर जुळवलेले दाबमापक लावले आणि उंचीतला फरक वजा केला. घर्षणात पाण्याच्या स्तंभाचे ७.२ मीटर गेले, म्हणजे किमीला १.२ मीटर. यावरून हेझन-विल्यम्सचा सी (पाइप आतून किती गुळगुळीत हे सांगणारा आकडा, जास्त तितका चांगला) जवळपास १२१ येतो. अस्तर मोठ्या लांबीत गळून पडले असते, पत्र्यावर गाठी चढल्या असत्या, तर हा आकडा शंभराच्या आसपास किंवा खाली गेला असता. वाहिनी आतून कुजली आहे ही समजूत इथेच बरीचशी ढासळली.

काय आढळले

मुरमातल्या चारही खड्ड्यांत इनॅमल जागच्या जागी, जाडी ७.६ ते ७.८. यावरून मूळ प्लेट ८ ची नसून ७.८ च्या आसपासची होती असे धरले आणि पुढचे सगळे हिशेब ७.८ वरून केले. कागदावरचे ८ धरून झीज काढली तर सगळ्या वाहिनीला उगाचच ०.२ मिमीचा गंज चढतो.

काळ्या मातीत तळाला सर्वसाधारण जाडी ६.४ ते ६.९, आणि गंजाचे खड्डे ४.६ मिमीपर्यंत खोल, म्हणजे सर्वांत वाईट जागी ३.२ उरलेला. बहुतेक खड्डे जागेवर केलेल्या वेल्ड सांध्यांच्या हातभर अंतरात. कारखान्यात लेप लागलेला पाइप टिकला. सांध्यांवर खंदकात, हाताने, बहुधा ओल्या पाइपवर लावलेला लेप टिकला नाही. जुन्या पॅचच्या कडांनाही नवे खड्डे होते. उघडा नवा पत्रा जुन्या गंजलेल्या पत्र्याला जोडला की नवाच आधी गंजतो, त्यामुळे काही पॅच तीन वर्षांतच पुन्हा गळले होते.

दाबासाठी किती जाडी पुरे? पोलादाचा उतारबिंदू (ज्या ताणाला ते कायमचे ताणले जाऊ लागते) २३५ मेगापास्कल, त्याचा ६० टक्के परवानगी ताण, सांध्याची कार्यक्षमता ०.८, कार्यदाबावर लाटेसाठी २० टक्के वाढ. पंपापाशी ४ मिमीच्या किंचित खाली, काळ्या मातीत सुमारे ३.५. म्हणजे तिथली सर्वसाधारण ६.४ जाडी निवांत पुरते. ३.२ उरलेला एखादा सुटा खड्डा पाइप फोडत नाही, कारण आजूबाजूचा जाड पत्रा ताण उचलतो. तो गळतो. फुटण्याचा धोका लांब, सलग पातळ पट्ट्याला असतो, आणि तसा पट्टा कुठल्याच खड्ड्यात सापडला नाही.

उरलेल्या आयुष्याचा हिशेब कसा मांडला यावरून उत्तर दहा वर्षांनी बदलत होते. ४.६ मिमी खोली ३८ वर्षांत आली असे धरले तर वर्षाला ०.१२, आणि उरलेला ३.२ मिमी आरपार जायला सव्वीस वर्षे. पण लेप पहिली पंधरा वर्षे तग धरून होता असे धरले तर गंज २३ वर्षांचाच, दर ०.२०, आणि आयुष्य सोळा वर्षे. गळतीचे प्रमाण अलीकडे वाढत गेले होते, ते दुसऱ्या हिशेबाशी जास्त जुळते. अहवालात दोन्ही आकडे ठेवले. हे आयुष्य मोजलेल्या सर्वांत खोल खड्ड्याचे. न मोजलेल्या सांध्यांवर याहून खोल खड्डे असणारच, नाहीतर २७ गळत्या झाल्याच नसत्या.

माथ्याचे कोडे

माथ्यावर जाडी ५.१ ते ५.४, पाइपच्या वरच्या तृतीयांशात, आतून-बाहेरून दोन्हीकडून झिजलेली, एकसारखी. तिथला कार्यदाब जेमतेम १.७५ किलो. दाबासाठी एक मिमीसुद्धा लागत नाही. दाबाच्या हिशेबात ही वाहिनीतली सर्वांत सुरक्षित जागा होती.

पण पाइप चेपला तो निर्वाताने. पाण्याचा वेग सेकंदाला ०.९३ मीटर, या पाइपमधल्या दाबलहरीचा वेग सुमारे १,०१८ मीटर. पंप एकाएकी थांबले की दाब ९५ मीटरच्या आसपास खाली येऊ पाहतो. माथ्यावर मुळात साडेसतरा मीटरच आहे. पाण्याचा स्तंभ तिथे तुटतो, आणि बाहेरून वातावरणाचा पूर्ण दाब पाइपवर बसतो.

बाहेरचा दाब सोसण्याची ताकद जाडीच्या घनावर जाते. पूर्ण गोल ७६२ मिमीचा पाइप ८ मिमी जाडीला ५ किलोच्या वर सोसतो, ५.२ ला दीड किलोच्या आत येतो, ४.६ ला एक किलोवर, म्हणजे निव्वळ निर्वातही त्याला पुरतो. खरा पाइप पूर्ण गोल नसतो. मातीचे ओझे, थोडी लंबगोलाई आणि वेल्डची खोट धरली की ५.२ जाडी पूर्ण निर्वातात धोक्यातच.

मग एअर व्हॉल्व्हने हवा आत का घेतली नाही? चेंबर उघडल्यावर उत्तर मिळाले. ८० मिमीचा दुहेरी गोळ्यांचा व्हॉल्व्ह, त्याच्या खालचा स्ल्यूस व्हॉल्व्ह (चाकाने उघडझाप करायचा) पूर्ण बंद, आणि त्याच्या मानेला बसवलेला अर्ध्या इंचाचा नळ. नळाला काळी प्लॅस्टिक नळी, नळी खालच्या वस्तीवर गेलेली. क्रम असा जुळवता आला: गोळ्याचे रबर झिजले, व्हॉल्व्ह ठिबकू लागला, चेंबर वर्षानुवर्षे ओले राहिले आणि भोवतालचा पाइप बाहेरून गंजला. ठिबक थांबावी म्हणून कोणीतरी खालचा व्हॉल्व्ह आवळला. त्यानंतर माथ्यावर हवा साठून राहू लागली, वरचे अस्तर कोरडे-ओले होत तडकले आणि आतूनही गंज लागला. पत्रा पातळ होत असतानाच त्याला वाचवणारी हवेची वाट बंद होती.

वाहिनीवरचे बाकीचे एअर व्हॉल्व्ह मग एका आठवड्यात तपासले. १९ पैकी ७ खालून बंद, ३ चे गोळे चिकटलेले. जाडी मोजण्याआधी करायचे काम हे होते. व्हॉल्व्हमनला सोबत घेऊन, एका जीपमध्ये होण्यासारखे.

गॅसवाहिनीचा फेरा

साखळी ६.३ ला एक गॅसवाहिनी ओलांडून जाते. तिला विद्युतप्रवाहाने गंजरोधन दिलेले आहे. तो प्रवाह शेजारच्या उघड्या पाइपवर कुठेतरी चढतो आणि ओलांडणीपाशी उतरतो. उतरतो तिथे आपला पाइप झिजतो. तांबे-मोरचूद इलेक्ट्रोड जमिनीवर ठेवून पाइपचे विभव मोजले, तर इथे उणे ०.४१ व्होल्ट, आजूबाजूला उणे ०.५५ ते ०.६०. संशय घ्यायला एवढे पुरे, ठरवायला नाही. गॅस कंपनीच्या माणसांनी त्यांचा रेक्टिफायर (गंजरोधनाचा प्रवाह पुरवणारे यंत्र) ठरावीक सेकंद चालू, ठरावीक सेकंद बंद ठेवला, तेव्हा चालू असताना विभव ७० मिलिव्होल्टने धनबाजूला सरकताना दिसले. या एका चाचणीसाठी पत्रव्यवहारात चार महिने गेले.

दोन उपाय होते. दोन्ही वाहिन्या रोधकातून जोडणे, किंवा आपल्या पाइपला ओलांडणीपाशी मॅग्नेशियमचे अॅनोड (पाइपऐवजी स्वतः झिजणारे धातूचे तुकडे) देणे. जोडणीत आपल्या पाइपची विद्युत सलगता लागते, आणि या वाहिनीत रबर-रिंगचे यांत्रिक कपलिंग आहेत. पलीकडे पुन्हा कुठेतरी प्रवाह उतरला असता. म्हणून अॅनोड, आणि ओलांडणीच्या दोन्ही बाजूंना पाइप उघडा करून नवा लेप.

निर्णय

संपूर्ण वाहिनी बदलण्याचा प्रस्ताव मागे घेतला. काळ्या मातीचा २.३ किमी पट्टा बदलायचा, माथ्यावरचे ४८ मीटर बदलायचे, सगळे एअर व्हॉल्व्ह आधी, बाकी वाहिनी नजरेखाली ठेवायची. खर्च मूळ अंदाजपत्रकाच्या सुमारे एक पंचमांश.

काळ्या मातीतही फक्त सांधे उघडून दुरुस्त करता आले असते. ते यासाठी सोडले, की सांधे दर सहा मीटरला, म्हणजे जवळपास पावणेचारशे खड्डे, तेही उभ्या उसात आणि चालू वाहिनीवर. समांतर नवा पाइप टाकून दोन टोकांना एकाच बंदमध्ये जोडणे स्वस्त आणि निश्चित पडले.

केलेली कामे

पहिल्या महिन्यात एअर व्हॉल्व्ह. जुना संकेत असा की हवा आत-बाहेर दोन्ही व्हायची असेल तर व्हॉल्व्हचा व्यास वाहिनीच्या एक अष्टमांश. इथे १०० मिमी निघतो. माथ्यावर त्याऐवजी १५० मिमीचे दोन बसवले, कारण खालच्या उतारावर पाइप फुटला तर माथ्यावरून पाणी पंपाच्या प्रवाहापेक्षा कितीतरी वेगाने ओसरते आणि तेवढीच हवा आत यावी लागते. खालच्या स्ल्यूस व्हॉल्व्हची चाके काढून घेतली, उघड्या स्थितीत साखळी-कुलूप. वस्तीला स्वतंत्र मीटरची जोडणी दिली. ती दिली नसती तर कुलूप किती दिवस टिकले असते हे सांगायला नको.

नव्या पट्ट्यात बाहेरून तीन थरांचा पॉलिएथिलीन लेप, सांध्यांवर तापवून आवळणाऱ्या बाह्या, खाली आणि बाजूंना १५० मिमी वाळूचा थर, काळी माती पाइपला लागूच दिली नाही. खंदकात उतरवण्याआधी प्रत्येक पाइपवरून हॉलिडे डिटेक्टर (लेपातली बारीक भोके शोधणारे यंत्र) फिरवला. जुन्या-नव्याच्या दोन्ही जोडांवर विद्युतरोधी फ्लँज (गॅस्केट, बोल्टच्या बाह्या, वॉशर सगळे रोधी), आणि पाणी स्वतः वाहक असल्याने फ्लँजच्या दोन्ही बाजूंना आतून इपॉक्सी. एका जोडावर बोल्टची एक बाही कसताना फुटली होती. मीटर लावल्यावर फ्लँजमधून विद्युतप्रवाह आरपार जाताना दिसला आणि फ्लँज पुन्हा उघडावा लागला. पाणी भरण्याआधी तपासले म्हणून अर्ध्या दिवसात निभावले.

परिणाम

पुढच्या दीड वर्षात, त्यात दोन पावसाळे, नव्या पट्ट्यात गळती नाही, उरलेल्या वाहिनीत पाच. वीज कित्येकदा गेली. माथ्यावर बसवलेल्या दाबनोंदणी यंत्रात दाब शून्याखाली क्षणभरच गेलेला दिसतो.

पाचपैकी एक गळती मोठी होती, रस्त्याकडेच्या पट्ट्यात, जुन्या पॅचपाशी. त्या ३.६ किमीत दोनच खड्डे घेता आले होते आणि दोन्ही चांगले निघाले. दोन चांगल्या खड्ड्यांवरून साडेतीन किमीला ‘मध्यम’ श्रेणी देणे घाईचे होते. तिथे ‘अवस्था अज्ञात’ लिहायला हवे होते.

वेगळे काय करता आले असते

रोधकतेची मोजणी मे महिन्यात झाली. तेव्हा काळी माती भेगाळलेली, वरचा थर कोरडा, आकडे जास्त. ऑक्टोबरात पुन्हा मोजल्यावर काही बिंदू निम्म्यावर आले. बागायतीमुळे फरक पडला नाही तिथे ठीक, पण कोरडवाहू तुकड्यांत दोन खड्ड्यांच्या जागा चुकीच्या ठरल्या.

दोन बटरफ्लाय व्हॉल्व्हच्या मधला भाग कोंडून दाब किती वेगाने उतरतो हे पाहायचे ठरले होते. व्हॉल्व्हच पूर्ण बसत नव्हते. आधी व्हॉल्व्ह दुरुस्त करून मग ही चाचणी घेतली असती, तर रस्त्याच्या पट्ट्याबद्दल खड्डा न खणताही काही कळले असते.

सहा वर्षांत पॅच मारताना कापलेले पत्र्याचे तुकडे भंगारात गेले. ४१ फुकट नमुने होते ते. आता नोंदवहीत नवे रकाने आहेत: साखळी, घड्याळातली जागा, सांध्यापासूनचे अंतर, गंज आतून की बाहेरून, उरलेली जाडी, फोटो, आणि तुकडा साखळी क्रमांक रंगवून कोठारात ठेवायचा. २२ पैकी ६ खड्डे कायम चेंबर करून ठेवले आहेत, मोजणीचे बिंदू पाइपवर ठोशाने खुणावलेले. तीन वर्षांनी त्याच बिंदूंवर मोजल्यावर गंजाचा दर अंदाजाने धरावा लागणार नाही.

रस्त्याच्या रुंदीकरणाचे काम मंजूर झाले आहे. रस्ता उकरला जाईल तेव्हा ५.४ ते ९ या पट्ट्यात आणखी दहा ठिकाणी पाइप तळापर्यंत उघडा करून द्यावा, असे पत्र नगर परिषदेने बांधकाम खात्याला दिले आहे. डांबर पडण्याआधी त्यावर होकार मिळवणे एवढे काम सध्या बाकी आहे.